तळ्यावर दाखवलेली मुलगी

माझ्या वडिलांना पाखरांचं वेड होतं, आणि त्या वेडाची लाज वाटायची ती मला. त्यांना कधी वाटली नाही. निदान रेड हिल्सच्या त्या रविवारपर्यंत तरी नाही.

आम्ही तंजावरकडचे मराठी. पिढ्यान् पिढ्या तमिळ मुलखात राहिलेले, घरात जुनीपुराणी मराठी बोलणारे आणि बाजारात तमिळ. साठच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. तेव्हा आम्ही मद्रासला तिरुवल्लिकेणीच्या एका बोळात भाड्याने राहत होतो. अप्पा एका सरकारी हिशेबाच्या कचेरीत कारकून होते. आठवडाभर मान खाली घालून काम करायचे आणि रविवारी मान वर करून हिंडायचे. मूर मार्केटातल्या जुन्या बाजारातून त्यांनी एक दुर्बीण आणली होती. तिच्या एका काचेला आतून बुरशी धरलेली होती, म्हणून अप्पा एक डोळा मिटून बघत. एक डोळा मिटलेला पुरुष बोळात उभा राहून समोरच्या गच्चीकडे दुर्बीण रोखतो, हे लोकांना कसं दिसत असेल, याचा विचार त्यांच्या मनाला शिवत नसे.

एकदा तर समोरच्या घरातले दोन पुरुष थेट आमच्या दारात आले. गच्चीवर त्यांच्या बायका वडाम, म्हणजे तांदळाच्या कुरडया, वाळत घालत होत्या. अप्पांनी त्यांना आदराने आत बसवलं आणि विचारलं, "तुम्हीपण पाहिलात काय तो हळद्या?" नारळाच्या झावळीवर पिवळाजर्द हळद्या बसला होता, त्याला अप्पा बघत होते. अम्माने कॉफी दिली, ते कॉफी पिऊन गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या गच्चीला बांबूची तट्टी लागली. येता-जाता ती तट्टी मला दिसायची. मी तेव्हा एका मुलींच्या शाळेत शिकवायला लागले होते, आणि त्या घरातली धाकटी माझ्याच वर्गात होती.

रेड हिल्स हे अप्पांचं खरं क्षेत्र. नाव डोंगराचं, पण डोंगर म्हणावं असं तिथे काही नाही. तांबड्या मातीचे चार उंचवटे आणि त्यांच्या कुशीत शहराला पाणी देणारा तो अफाट तलाव. ब्रॉडवेवरून बस सुटायची. मासी महिना लागला, म्हणजे आपला माघ-फाल्गुन, की अप्पांचा जीव थाऱ्यावर नसे. थंडीत उत्तरेकडून आलेली बदकं त्या सुमारास परत जायला निघतात. जाण्याआधी ती थव्याथव्याने एका ठिकाणी गोळा होतात, उगाच उठतात, घिरट्या घालतात, परत बसतात. लग्नाच्या वऱ्हाडासारखी, अप्पा म्हणायचे. सगळे तयार, पण कुणाची तरी पिशवी सापडत नाहीये. एका रविवारी तलाव भरलेला असतो आणि पुढच्या रविवारी रिकामा. तो भरलेला शेवटचा रविवार चुकू नये, एवढीच त्यांची वर्षाची मागणी.

पाखरांची पुस्तकी नावं त्यांना ठाऊक नव्हती, आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. ते स्वतःच बारसं करायचे. डोळ्यावर पांढरी रेघ असलेलं बदक म्हणजे "भुवई". लांब टोकदार शेपटीचं "सुईदोरा". पाण्यावर एका जागी पंख फडफडवत लोंबकळणारा, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा खंड्या म्हणजे "चीटवाला", कारण त्याच्या अंगावर चिटाचं कापड घातल्यासारखं दिसतं. लहानपणी मी त्यांच्याबरोबर जायचे, तेव्हा मला ही सगळी नावं पाठ होती. मोठी झाल्यावर मी जायचं सोडलं.

आता माझ्या लग्नाचं. माझं वय तेव्हाच्या हिशेबाने उलटत चाललं होतं, रंग सावळा होता, आणि दोन ठिकाणांहून नकार आले होते. मद्रासेत आपली माणसं मोजकी. एका घरचा नकार आठवड्यात सगळ्या घरांना कळतो. म्हणून आमच्यात एक सोयीची पद्धत पडली होती. मुलगी घरी बोलावून दाखवायची नाही. देवळात किंवा समुद्रावर दोन्ही कुटुंबांनी "सहज" भेटायचं. कोण कोण आहे हे सगळ्यांना ठाऊक, पण कुणी बोलून दाखवायचं नाही. स्थळाचं नाव काढायचं नाही, "मुलगा हाच का?" असं विचारायचं नाही. हवापाण्याच्या गप्पा मारायच्या आणि निघायचं. पसंत पडलं तर दुसऱ्या दिवशी मध्यस्थ येणार. नाही पडलं तर कुणी कुणाला पाहिलंच नव्हतं. झाकली मूठ तशीच राहते.

या पद्धतीत एक नियम मात्र पक्का होता. मुलाकडची माणसं मुलीकडचं काही खात नाहीत. फार तर पाणी. खाल्लं म्हणजे होकार.

मैलापूरच्या एका मामी, आमच्याच नात्यातल्या, मध्यस्थी करायच्या. त्यांनी आणलेलं स्थळ चांगलं होतं. लोक पुण्याकडचे, नुकतेच आलेले. मुलगा शहराबाहेरच्या आवडी गावाजवळ लष्करी कारखान्यात नोकरीला. "देवळात नको म्हणतात," मामी म्हणाल्या, "त्यांना शहरात यायला लांब पडतं."

अप्पा लगेच म्हणाले, "मग रेड हिल्स! आवडीहून जवळ. बांधावर बरी हवा अस्ते. येत्या रविवारीच."

अम्माने त्यांच्याकडे पाहिलं. येत्या रविवारीच का, हे आम्हा दोघींना बरोबर कळलं होतं. माझ्या आयुष्याचा प्रश्न आणि ह्यांची बदकं एकाच बसच्या तिकिटात! मी रागाने आत निघून गेले. पण मामींना कल्पना आवडली आणि तेच ठरलं. मुलाची आई हिरव्या लुगड्यात असेल, मुलगा पांढऱ्या शर्टात, आणि बरोबर छत्री घेतलेले एक काका, अशा खुणा ठरल्या.

त्या रविवारी सकाळी आम्ही बांधावर चढलो तेव्हा ऊन कोवळं होतं आणि तलाव काठोकाठ बदकांनी भरलेला होता. अप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी मोरपंखी रेशमी साडी नेसले होते, डोक्यात मोगरा माळला होता, आणि तांबड्या धुळीतून साडीचा काठ उचलून चालताना मला स्वतःचीच कीव येत होती. अम्माच्या हातात डबा होता. चिंचेचा भात, दहीभात, केळीची पानं. तो आमच्यासाठी होता. बसने घरी पोचायला दुपार होणार.

थोडं पुढे गेलो तर एका चिंचेखाली सतरंजीवर एक बाई आणि एक तरुण बसलेले दिसले. बाईंचं लुगडं हिरवं. तरुणाचा शर्ट पांढरा. आणि बाई म्हणत होत्या, "अरे, ऊन लागतंय, टोपी तरी घाल." चक्क मराठीत!

अम्मा माझ्या कानाशी पुटपुटली, "छत्रीवाले कुठं आहेत?"

"आले नस्तील," अप्पा म्हणाले. "विचारूं नोको. विचारायचं नस्तं."

आणि खरंच, कसं विचारणार? पद्धत अशी, की विचारलं तर सगळं बिघडलं. शिवाय रेड हिल्सच्या बांधावर त्याच सकाळी दुसरं मराठी कुटुंब असेल, हे कुणाच्या स्वप्नात येणार?

आम्ही "सहज" थांबलो. त्या बाईंना मराठी ऐकून इतका आनंद झाला की त्यांनी आम्हाला हात धरून सतरंजीवर बसवलं. त्या मोकळ्या स्वभावाच्या होत्या, मोठ्याने हसायच्या. "इथे कुणाशी बोलायला मिळत नाही हो," म्हणाल्या. "तुमची मराठी वेगळीच आहे, पण गोड आहे." मुलगा शांत होता, बरा दिसत होता. मी खाली मान घालून बसले. मी मनात म्हणत होते, अप्पा, आज तरी, आज एक दिवस तरी.

पण अप्पा ते अप्पाच. समोर पाण्यावर चीटवाला येऊन लोंबकळायला लागला आणि अप्पांनी मुलाच्या हातात दुर्बीण कोंबली. "डावा डोळा मिटा. डावा. तिकडं बुरशी आहे." मग चीटवाला, मग भुवई, मग सुईदोरा. ती बदकं किती लांबून येतात, कशी गोळा होतात, सगळं आलं. हात पसरून त्यांनी उडण्याची नक्कलसुद्धा केली. धोतराचा सोगा वाऱ्यावर फडफडत होता. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. अम्माने त्यांचा सदरा मागून ओढला, तर ते म्हणाले, "काय गे?"

मुलगा मात्र मनापासून बघत होता. त्याने दोन-तीन प्रश्नही विचारले. मला वाटलं, चला, सासऱ्याचं वेड त्याने निभावून नेलं तर बाकीचं सोपं आहे.

मग त्या बाई म्हणाल्या, "मुलगी गाते का हो? तंजावरकडे सगळ्यांना गाणं येतं म्हणतात." हा तर नेहमीचाच प्रश्न. अम्माने मला खूण केली. बांधावर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, मी एक पद म्हटलं. दोन गुराखी थांबून ऐकायला लागले. माझा आवाज सुरुवातीला कापत होता, नंतर लागला. बाईंनी डोळे पुसले आणि माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

आणि मग त्यांना चिंचेच्या भाताचा वास आला.

"काय आणलंय हो डब्यात?" असं त्यांनी आपणहून विचारलं. अम्मा बावरली. तिने अप्पांकडे पाहिलं. अप्पा पाण्याकडे बघत होते. अम्माने हळूच पानं मांडली, भात वाढला, आणि त्या दोघांनी तो खाल्ला. नुसता चाखला नाही, पोटभर खाल्ला; मुलाने तर दुसऱ्यांदा मागून घेतला. वाढता वाढता तिने माझ्याकडे बघितलं, तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला कळलं की माझं लग्न ठरलं. इतका हलकेपणा मला त्याआधी कधी वाटला नव्हता. अप्पांचं सगळं मी त्या क्षणी माफ केलं होतं.

बाई पानावरून बोट फिरवत म्हणाल्या, "आमच्या सुनेला हे शिकवा हो. तिला आंबट भारी आवडतं, आणि आता तर डोहाळे. साताऱ्याला गेलीय माहेरी. येईल जूनमध्ये बाळाला घेऊन."

अम्माचा चमचा भातातच राहिला.

"एकच मुलगा ना तुम्हाला?" तिने विचारलं. तिचा आवाज मला ओळखूच आला नाही.

"एकच. हा रेल्वेत आहे, पेरांबूरला. गुदमरून गेलो घरात, म्हटलं जरा मोकळ्या हवेत जाऊन यावं."

बाई बिचाऱ्या आमच्या तिघांच्या तोंडांकडे बघत राहिल्या. आपलं काय चुकलं त्यांना कळेना. माझा चेहरा तापून लाल झाला होता आणि तो लपवायला जागा नव्हती. म्हणून मी सतरंजीवरची दुर्बीण उचलली आणि डोळ्याला लावली. दुर्बीण लावलेल्या माणसाचे डोळे कुणाला दिसत नाहीत, एवढाच तिचा उपयोग मला त्या घडीला होता. पाण्यावरून ती फिरवता फिरवता बांधाच्या वळणापाशी गेली. तिथे पाणी सोडायचा दगडी मनोरा आहे. मनोऱ्याच्या सावलीत एक हिरवं लुगडं उभं होतं. शेजारी पांढरा शर्ट. आणि मिटलेली छत्री काठीसारखी टेकून उभे असलेले एक गृहस्थ.

ती तिघं आमच्याकडेच बघत होती. किती वेळापासून, कोण जाणे. त्यांनी काय पाहिलं असेल ते मला एका क्षणात उमगलं. सजवलेली मुलगी, सतरंजी, दुसऱ्याच घरची आई आणि मुलगा, गाणं, आणि पानावर वाढलेलं जेवण. त्यांच्या लेखी एकाच दिवशी, एकाच जागी, मुलीच्या बापाने दोन स्थळं बोलावली होती आणि पहिल्याने जेवून होकारही दिला होता. मी बघत असतानाच मनोऱ्याजवळच्या त्या बाईंनी पदर खांद्यावर घट्ट घेतला आणि पाठ फिरवली.

"अप्पा," मी म्हटलं, "ते तिकडे आहेत. चाललेत."

अप्पांनी दुर्बीण घेतली, डावा डोळा मिटला, पाहिलं. मग त्यांनी दुर्बीण खाली टाकली. टाकली म्हणजे खरंच टाकली, दगडावर. आणि धोतर गुडघ्यापर्यंत खोचून ते पळत सुटले.

पाखरांजवळ शिंकसुद्धा दाबून धरणारा हा माणूस बांधावरून ओरडत धावत होता. "थांबा! अहो, थांबा! चूक झाली! अहो!" वहाण एक इकडे, एक तिकडे. गुराखी हसायला लागले. फिरायला आलेली माणसं बाजूला होऊन बघत राहिली. आणि त्या आरडाओरड्याने तलाव उठला. सगळी बदकं एकदम. पाण्यावरून असा आवाज आला की अम्माने कान झाकले. डोक्यावर आभाळ दिसेना. त्यांच्याखालून अप्पा धावत होते आणि एकदाही त्यांनी वर पाहिलं नाही.

मनोऱ्यापाशी टॅक्सी उभी होती. अप्पा पोचण्याआधी ती निघून गेली.

पेरांबूरच्या बाईंना मी कसंबसं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, एका शब्दाने बोलायचं तरी! आम्ही जाऊन सांगतो त्यांना, पत्ता द्या." मुलगा तर बिचारा अप्पांना आणायला धावला आणि हाताला धरून घेऊन आला. भल्या माणसांसमोर झालेली फजिती विसरता येत नाही. दुष्टांचा निदान राग तरी करता येतो.

परतीच्या बसमध्ये अप्पा अनवाणी बसले होते; दुसरी वहाण सापडलीच नाही. ते सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत होते आणि मी त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही.

मामींमार्फत खुलासा गेला, पेरांबूरच्या बाईही आवडीला जाऊन आल्या. उत्तर आलं, "आमचा मुलगा म्हणजे काय मंडईतली भाजी? आम्ही आमच्या डोळ्यांनी जेवण पाहिलं." आणि मग गोष्ट पसरली. हळदीकुंकवाला गेलं की बायका एकमेकींना कोपराने ढोसायच्या. "हीच ती तळ्यावर दाखवलेली." अम्माने जाणं बंद केलं. शाळेत मुलींच्या आया माझ्याकडे जरा जास्तच गोड हसायच्या.

अप्पांनी घरात त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. दुर्बीण अम्माच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून माळ्यावरच्या पितळी हंड्यात गेली. रविवारी ते वर्तमानपत्र वाचत बसू लागले, पार शेवटच्या जाहिरातीपर्यंत. समोरच्या घरावरची तट्टी पावसाळ्यात कुजून पडली आणि त्या लोकांनी ती परत बांधली नाही. गरज उरली नव्हती. मला बरं वाटलं. अखेर आमचं घर चारचौघांसारखं झालं, असं मी अम्माजवळ म्हणालेसुद्धा.

पुढल्या वर्षी, पुन्हा मासी महिन्यातच, मामींनी नवं स्थळ आणलं. मुलगा बँकेत, नागपूरकडचा, रेड हिल्सची कथा त्यांच्या कानावर गेलेली नव्हती. या वेळी जागा मैलापूरच्या देवळाच्या तळ्याची. मामी स्वतः बरोबर होत्या, म्हणजे माणसं चुकायला नकोत. संध्याकाळी तळ्याच्या पायऱ्यांवर आम्ही "सहज" भेटलो. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले. अप्पा माझ्या शेजारी, हात मांडीवर ठेवून, इस्त्रीच्या सदऱ्यात, कचेरीत बसल्यासारखे. हवापाण्याचं बोलणं झालं, मद्रासच्या उकाड्याचं झालं, आणि बोलणं संपलं.

तेवढ्यात पाण्यावर पंखांचा फडफडाट झाला. मी मान न उचलता डोळे उचलले. तळ्याच्या मधोमध, एका जागी, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा एक खंड्या लोंबकळत होता, चोच खाली करून. मामी बघायला लागल्या, मुलाची आई बघायला लागली, पायऱ्यांवरचे भाविकसुद्धा थांबले. तो सुरीसारखा पाण्यात पडला आणि मासा घेऊन वर आला.

"वा!" मुलगा म्हणाला. मग अप्पांकडे वळून, काहीतरी बोलायचं म्हणून, त्याने आदराने विचारलं, "कुठला हो हा पक्षी?"

अम्माचा श्वास मला ऐकू आला. अप्पा त्या पाखराकडे बघत नव्हते. सगळे बघत होते, पण ते पायरीच्या दगडाकडे बघत होते, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ते आल्यापासून तिथेच बघत बसले आहेत.

"मला काय ठाऊक," ते म्हणाले. "पाखरांतलं मला काही कळत नाही."

"मलाही नाही कळत," मुलगा हसून म्हणाला. अप्पाही हसले.

लाज काय असते ते मला वाटलं होतं मला ठाऊक आहे. बोळात, गच्चीसमोर, बांधावर, बसमध्ये, सगळीकडे मी ती भोगली होती. पण ती सगळी लाज अप्पांमुळे होती. ही त्यांची होती, त्यांना मिळालेली, आणि ती त्यांना आमच्याच घरातून मिळाली होती. मला त्या पाखराचं नाव येत होतं. विचारल्याशिवाय मुलीने बोलायचं नसतं, म्हणून मी अंगठ्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मामी होकार घेऊन आल्या, आणि अप्पांनी हसत हसत त्यांच्या हातावर साखर ठेवली.